फौजदाराच्या डोक्यावरची ‘भरली’

टेबलावर टॉवेलात गुंडाळलेला एक बोका होता आणि त्याच्या डोक्यावर स्वयंपाकघरातली सगळी हळद होती.

“हे कुणी केलं?”

“मीच,” सुरेखाताई म्हणाल्या. “लागलं की हळदच लावतात ना मॅडम?”

“हळद भाजीत घाला. बोक्याच्या डोक्यात कामून?”

मी जनावरांची डॉक्टर. सगळी नोकरी म्हशी, बैल आणि शेळ्यांत गेली. रिटायर झाल्यावर लातुरात छोटं क्लिनिक टाकलं आणि मांजरं यायला लागली. माझं तोंड जरा फटकळ आहे. म्हशींना त्याचं काही वाटत नव्हतं, माणसांना वाटतं. सुरेखाताई मात्र शाळेत मास्तरीण. त्यांनी ऐकून घेतलं.

हळद धुतली, केस भादरले. डाव्या कानापुढं लिंबाएवढी सूज, हात लावला की गरम. अंगात ताप. बोक्याचं नाव फौजदार, आणि गल्लीतल्या दुसऱ्या बोक्यानं त्याला चांगलाच इंगा दाखवला होता.

याला आम्ही अॅबसेस म्हणतो. साधं गळूच. बोक्याचा दात सुईसारखा आत जातो. वरचं बारीक भोक पटकन मिटतं आणि दाताबरोबर गेलेली घाण आत राहते. वरून काही दिसत नाही, आत पू साचतो. यात औषधापेक्षा मोठं काम एकच, तोंड उघडं ठेवायचं. जखम आतून वर भरत आली पाहिजे. वरून आधी मिटली तर घात.

गुंगीचं इंजेक्शन दिलं, सूज फोडली, पू काढला, आत सलाइननं धुतलं. अँटिबायोटिक लिहून दिलं. गळ्यात प्लास्टिकची कॉलर घातली, म्हणजे पंजानं खाजवणार नाही.

“सकाळ-संध्याकाळ गरम पाण्याचा शेक द्या. मग सिरिंजनं हे सलाइनचं पाणी आत सोडा. आणि भोक मिटू द्यायचं नाही.”

“मॅडम, वाचंल ना हो?” त्यांचा आवाज एकदम बदलला. “आमच्या अण्णांसाठी विचारायले.”

अण्णा म्हणजे त्यांचे सासरे. त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. फिजिओथेरपीवाल्यानं हात हलवायला रबरी चेंडू दिला, तो अण्णांनी खिडकीतून फेकला, डाव्या हातानं. मग एक दिवस फौजदार येऊन मांडीवर बसला आणि अण्णांचा उजवा हात आपोआप सरकत सरकत त्याच्या पाठीवर गेला. तेव्हापासून तोच व्यायाम. बोका मांडीवर असला तरच हात हलायचा. बोका समोर असला तरच घास उतरायचा.

“हे गेलं तर अण्णा हात टाकून देतील, मॅडम. आणि मग जेवण पण.”

“जाणार नाही,” मी म्हणाले. असं कधी म्हणू नये, हे मला ठाऊक आहे. पण बाईचा चेहराच तसा झाला होता.

पुढं काही दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला. ‘जखम भरली मॅडम, लई उपकार झाले.’ खाली जोडलेले हात. मी लिहिलं, ‘छान. तरी एकदा दाखवून जा.’ शाळेत परीक्षा चालू होत्या, त्या काही आल्या नाहीत.

मग फोन आला.

“मॅडम, फौजदार परत खाईना झालाय. सकाळपासून पलंगाखाली बसला होता. जखम तर भरलीय की हो.”

“ताप आहे?”

“कान गरम लागायलेत. आणि डोळा मिटलाय एक.”

“घेऊन या. आत्ता.”

“तेच तर! आता अण्णांच्या मांडीवर जाऊन बसलाय, अण्णा सोडनातच. आम्ही जवळ गेलो की वरडतात. सारखं भरली, भरली म्हणायलेत.”

बॅग उचलली आणि गेले. औसा रोडच्या बाजूला त्यांचं घर. पुढच्या खोलीत लोखंडी पलंग, पलंगावर भिंतीला टेकून अण्णा. दाढी वाढलेली, गालाची एक बाजू उतरलेली. मांडीवर फौजदार, कॉलरीत तोंड खाली घातलेलं. सूज पहिल्यापेक्षा मोठी होती आणि डोळ्यापर्यंत आलेली. वर मात्र सुंदर, कोरडी खपली. जखम अगदी बरी झाल्यासारखी.

मी पुढं पाऊल टाकलं. अण्णांनी डाव्या हातातली अंगठी पलंगाच्या दांडीवर एकदा जोरात आपटली. टण्ण!

“भरली!” ते ओरडले. “भरली!”

“बघा ना,” सुरेखाताई रडवेल्या झाल्या. “परवापासून हेच. सिरिंजचं पाणी आत जाईना, वर खपली धरली, आणि अण्णांनी बोट लावून ‘भरली’ म्हटलं. मला वाटलं, झालं, बरं झालं. म्हणून धुणं सोडलं. झटक्यानंतर त्यांना तीनच शब्द येतात, मॅडम. हाव, न्हाई आणि भरली. पोट भरलं तरी भरली, बादली भरली तरी भरली. आम्ही हसत होतो त्याला.”

“अण्णा नोकरीला कुठं होते?”

“एस.टी.त. कंडक्टर.”

मला हसू आलं. मी कॉलेजला असताना नांदेड-परभणी एस.टी.नं कितीदा गेले असेन. स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकायचा, दारात लोंबकळायचं आणि आतून कंडक्टर ओरडायचा, “भरली, भरली! मागची बघा!” कंडक्टरच्या तोंडचं ‘भरली’ कधी आनंदाचं नसतं. आत आता जागा नाही, वाट बघू नका, असा त्याचा अर्थ. माणसाची वाचा गेली तरी जन्मभर तोंडात बसलेले शब्द कधीकधी शिल्लक राहतात. अण्णांचा हा राहिला होता. ते बोट लावून सांगत होते की आत पू भरलाय, आणि घरातले सगळे ऐकत होते की जखम भरलीय. त्या दांडीवरच्या ठोक्याचाही मला आत्ता उलगडा झाला. एक घंटी म्हणजे थांबा.

मी पलंगाच्या कडेला बसले. म्हशीच्या डॉक्टरला एक गोष्ट येते, घाई न करता बसणं.

“अण्णा, तुम्ही बरोबर सांगायले. भरली हाय. पार टपापर्यंत भरली हाय.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. इतके दिवस कुणीच न समजलेल्या माणसाचं ते बघणं होतं. डोळे भरून आले त्यांचे. माझेही आले, लपवत नाही.

“मला ती रिकामी करावी लागंल. इथं न्हाई व्हायचं. डेपोत न्यावं लागंल. रिकामी झाली की तुमच्याच रूटवर परत.”

अण्णांनी खाली बोक्याकडं बघितलं. उजव्या हाताची दोन बोटं त्याच्या पाठीवर हळूहळू फिरत होती. मग डावा हात उचलला. अंगठी दांडीवर दोनदा वाजली. टण् टण्.

डबल बेल. मी बोका उचलला.

क्लिनिकमध्ये परत गुंगी दिली. खपली काढली तसा पू भळकन आला, वास सांगत नाही. आत त्या दुसऱ्या बोक्याच्या तुटलेल्या दाताचं बारीक टोक सापडलं, म्हणूनच ते परत चिघळलं होतं. ते काढलं. या वेळी भोक मिटूच नये म्हणून रबराची बारीक नळी शिवून टाकली, तिला ड्रेन म्हणतात. डोळ्याची काळजी होती, पण सूज उतरली तसा डोळाही उघडला. ताप गेला आणि फौजदारानं माझ्या हाताचा चावा घेतला. तेव्हा मी ओळखलं, आता हा सुटला.

घरी सोडला तरी रोज धुवायला मीच जात होते. सुरेखाताईंवर भरवसा नव्हता असं नाही. मला अण्णांकडं जायचं असायचं. मी सिरिंज लावायची, अण्णांनी उजव्या हातानं कॉलर धरायची. आधी नुसता हात ठेवायचे. नंतर बोटं वळायला लागली.

नळी काढायच्या दिवशी मी मुद्दामच विचारलं.

“काय अण्णा, भरली का?”

सुरेखाताई कणीक मळता मळता दारात येऊन उभ्या राहिल्या. अण्णांनी उजव्या हाताची बोटं फौजदाराच्या कानापुढं नेली. हळूच दाबून बघितलं, इकडं, तिकडं. ओठ हलले, आवाज आला नाही. परत हलले.

“न्हाई,” ते म्हणाले. आणि मग थुंकी गिळून, जोर लावून, “रि... रिका... मी.”

झटक्यानंतरचा तो त्यांचा चौथा शब्द. सुरेखाताई पिठाचे हात तोंडावर धरून तिथंच खाली बसल्या. फौजदारानं जांभई दिली.

तेव्हापासून माझा एक नियम झालाय. फोनवर कुणीही सांगू द्या, “मॅडम, जखम भरली.” मी आधी एवढंच विचारते, “कशानं?”