चार बोटं लाकूड

मसोली गावातल्या माझ्या घरी आम्ही जेवायला बसलो होतो, तेव्हा देवजीभाईंच्या मुलाचा फोन आला. "मास्तर, बाबा गेले. चारोटीला... दुकानाच्या बाकावर बसल्या बसल्या." लोखंडी पट्ट्या घ्यायला गेले होते. त्या माझ्या घरासाठी होत्या. याला सात आठवडे झाले.

देवजीभाई गंजाडचे सुतार. आमच्या भागातले कितीतरी माळे त्यांनी बसवले. पद्धत ठरलेली: तुळईचं टोक विटांच्या भिंतीत चार बोटं टेकवायचं आणि भोवती फट सोडायची. हवा खेळली की वाळवी लागत नाही. वाळवी खरंच लागली नाही. मग भूकंपाचे धक्के सुरू झाले, आणि भिंत एकीकडे नि माळा दुसरीकडे डोलताना त्यांनी पाहिलं. नुसतं टेकवलेलं लाकूड अशा वेळी निसटून खाली येतं. तलासरीला मंडप घालून भूकंपाबद्दल सरकारी मार्गदर्शन झालं. हारतुरे भरपूर, तुळईचा उल्लेख एकदाही नाही. न घाबरण्याचं आवाहन झाल्यावर देवजीभाई मागून उठले. "सायेब, घरं मीच बांधलीत. मी नको घाबरू तर कोणी घाबरायचं?" लोक हसले. ते नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते आपणच बांधलेल्या घरांची दारं ठोठावू लागले. तुळईला पट्टी ठोकायची, भिंतीतून आरपार काढायची, बाहेरून जाड पत्र्यावर नटाने आवळायची. "म्हणजे आधी चुकलात होय?" एका बाईने टोमणा मारला. "हो बाय, म्हणूनच आलो."

माझ्याकडे तीनदा आले. मुलीचं लग्न तोंडावर, भिंती नुकत्याच रंगवलेल्या. "पाहुण्यांना भोकं दिसतील हो," मी म्हणालो.

"पाहुणे माळ्याखालीच झोपणार ना, मास्तर?"

मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. जन्मभर पुस्तकं वाचली, आणि जपला काय, तर रंग. लग्न पार पडलं तेव्हा कुठे मी हो म्हणालो...

पट्ट्या त्यांच्या मुलाने आणून दिल्या. तो फरश्या बसवतो. या भिंतीला छिन्नी लावायला तो धजत नाही, दुसरंही कोणी नाही. परवा दुपारी पुन्हा हादरलं. घरात परतलो तर मागच्या खोलीतली तुळई भिंतीतून दोन बोटं बाहेर आलेली. खाली टेकू लावलाय. बाहेर आलेल्या लाकडाला रंग नाही, त्यावर देवजीभाईंची पेन्सिल आहे. कुठली तुळई कुणाच्या घरची, हे ते टोकावर लिहीत. 'मास्त' एवढं वाचता येतं. 'र' अजून भिंतीत आहे.