जिन्यावरचं वाक्य

जुन्या इमारती पाडणाऱ्या टोळीत तो घण चालवायचा, म्हणून नाव पडलं घण्या. भिंतीवर घण, मुकादमाच्या थोबाडात हात आणि घरी बायकोच्या पाठीवर पट्टा. सारं आयुष्य त्याला दुसरी भाषा आलीच नाही. बायको लवकर गेली. मग फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढला आणि घण्याचाही माज उतरला. बूट घालायला वाकला तरी ओठ निळे पडायचे.

वस्तीच्या वाचनालयात अशा रुग्णांचा व्यायामवर्ग भरायचा. शिकवणाऱ्या बाई त्याच्या मुलीच्या वयाच्या, पण सगळ्यांना धाकात ठेवायच्या. त्यांचे नियम दोनच. जोर लावताना श्वास सोडायचा, आणि चढता-चालताना मध्येमध्ये एक पूर्ण वाक्य मोठ्यानं बोलायचं. वाक्य अडखळलं की थांबायचं, तुम्ही कितीही मोठे तीसमारखान असा.

पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, "तुम्हाला काय जमायला हवंय?"

"तीन मजले. वर मुलगी राहते."

बाईंचे डोळे पाणावले. त्या माउलीला काय ठाऊक! जावयानं मुलीचा हात मोडला होता, आणि घण्याला जावयाचा हात मुळासकट उखडायचा होता. मुलगी विचारलं की "पडले" म्हणायची.

चार महिने तो लाकडी ठोकळ्यावर चढला-उतरला. बाकीचे आपल्या नातवंडांबद्दल बोलायचे. घण्या दातओठ खात "आज हवा बरी आहे" म्हणायचा. घरी येऊन फोनवर मुलीला बाईंचे नियम ऐकवायचा, तेवढीच ती हसायची.

एका दुपारी मुलीच्या शेजारणीचा फोन आला. "लवकर या हो, आज तो तिला जिवंत सोडत नाही."

चार पायऱ्या, थांबा, श्वास. पहिल्या मजल्यावर त्यानं सवयीनं वाक्य बोलून पाहिलं, "माझ्या मुलीला मारणाऱ्याचा मुडदा पाडायला आलोय." वाक्य धड निघालं. एक दार उघडलं. दुसऱ्या मजल्यावर तेच वाक्य, आणखी मोठ्यानं. तीन दारं उघडली. तिसऱ्यावर पोहोचला तेव्हा अर्धी इमारत त्याच्या पाठीशी होती.

जावयानं दार उघडलं. त्याच्या मुठीत मुलीचे केस होते, तिच्या तोंडातून रक्त गळत होतं. घण्यानं श्वास सोडला आणि ठोसा हाणला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. जावई कोलमडला, पण उठून त्यानं घण्याच्या बरगडीत लाथ घातली. दुसरी लाथ बसायच्या आत शेजाऱ्यांनी त्याला लोळवलं, तुडवलं आणि पोलिसांना फोन केला. घण्या गुडघ्यांवर बसला होता, ओठ काळेनिळे.

मुलीनं पदरानं तोंड पुसलं. उघड्या दारांकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"आई ओरडायची, तेव्हा एवढी माणसं कुठं होती हो, बाबा?"

पोलीस जावयाला घेऊन गेल्यावर तिनं चार कपडे पिशवीत भरले, बापाचा दंड धरला आणि दोघं सावकाश उतरू लागली. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली.

"बाईंचा नियम आहे ना? बोला वाक्य."

छातीतली धाप आता ओसरली होती. त्यानं दोनदा तोंड उघडलं, पण शब्द काही फुटेना. वाक्य आलं नाही तर पुढं जायचं नसतं, म्हणून दोघं तिथंच पायरीवर बसून राहिली.