जपानातले चौदा अंश

मामांचं चामोर्शीला कापडाचं दुकान होतं. त्यांचा मुलगा जपानात इंजिनिअर होता. दोन हजारनंतरच्या एका वर्षी, दिवाळी आटोपल्यावर, त्याने आईवडिलांना हिवाळ्याच्या सुटीसाठी बोलावलं. तीन स्की रिसॉर्टची माहितीपत्रकं पाठवली, प्रत्येकावर मराठीत चार ओळी लिहिल्या आणि एक तुम्हीच निवडा म्हणाला. पायांना पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायचं, असा तो खेळ. मामींनी मुलाला तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. मामांना थंडी सोसत नसे. ठिकाण पसंत पडलं नाही तर जायचंच नाही, हे त्यांनी जाहीर केलं होतं.

मी तेव्हा चंद्रपूरला एका दैनिकात होतो. मामांनी मला बोलावलं ते सल्ल्यासाठी नव्हे, निर्णय ऐकवायला.

पहिलं ठिकाण छायाचित्रावरूनच बाद झालं होतं. गरम पाण्याच्या कुंडात माकडं बसली होती. दुकानाच्या छपरावरचे कवेलू दर वर्षी माकडंच फोडत. त्यांना भेटायला विमानाने जाण्यात मामांना अर्थ दिसत नव्हता. दुसऱ्या पत्रकावर लिहिलं होतं, ‘तापमान – ६’. तिसऱ्यावर, ‘तापमान – १४’. मामांनी तिसरं निवडलं. सहा म्हणजे अती. चौदा म्हणजे आपल्याकडचा डिसेंबर, स्वेटरवर भागतं.

चौदा अंशांत बर्फ कसा टिकेल, असं मी विचारलं.

“आपल्या बाजारात सत्तेचाळीसमंदी बर्फाची लादी भुशात राह्यते,” मामा म्हणाले. “तिथी चौदात काऊन नाई राह्यनार?”

ती रेघ उणेची आहे, हे मी सांगितलं. मामांनी आमच्याच दैनिकाचा अंक पुढे केला. तापमानाच्या चौकटीत छापलं होतं, ‘चंद्रपूर – १७’. ही चौकट रोज मीच देत असे. तिथली रेघ गाव आणि आकडा वेगळे ठेवण्यापुरती होती.

“मंग चंद्रपुरात बर्फ पडून राह्यला काय?”

जपानला फोन लावला. मुलाने उणेला दुजोरा दिला. मामांनी बेत रद्द केला.

मामी आतून तांदूळ निवडायचं सूप घेऊनच बाहेर आल्या.

“मी इथले उन्हाळे काढले ना?” त्या मामांना म्हणाल्या. “तुमी तिथला एक हिवाळा काढा.”

मामांनी फोन पुन्हा उचलला. मग फोनवर त्यांनी दुकानातला आवाज लावला आणि मुलाशी घासाघीस सुरू केली. चौदाचं सोड, सहात काही कमी होते काय, चारमंदी एखादं नाई काय. मुलगा हसत होता. ते फोनबाहेरही ऐकू येत होतं. मामींनी सहावर सौदा पक्का केला.

“येतो,” मामा म्हणाले, “पन मी घसरनार नाई. बसून राहीन.”

मामींनी फोन हातात घेतला.

“दोन तिकिटं काढ, बाबू. एक घसरनारी, एक बसनारा.”