पाचशे ग्रॅमचं बोट

रेंजवर बोलायला बंदी असते. नेम धरलेल्या माणसाच्या शेजारी नुसतं खोकलं तरी सावंत सर डोळे वटारतात. त्यामुळे सगळं बोलणं बाहेरच्या बाकड्यावर येऊन सांडतं. टारगेटच्या मागे एक लोखंडी पेटी असते. मारलेले छर्रे चेपून तिच्यात पडत राहतात, आणि कधीतरी उचलायला गेलं की कळतं, अरे, ही एवढी जड कधी झाली? बाकड्यावरच्या किश्शांचंही तसंच झालंय. त्यातले निम्मे चाचांचे आहेत. पूर्वी ते सांगताना हसू यायचं. अजूनही येतं, पण मध्येच थांबावं लागतं.

आधी मंडळी कोण कोण ते सांगते. मी माया, बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळते. आमची रेंज जुईनगरला, एका इमारतीच्या तळघरात. घरी बसून काडतुसं भरायची वगैरे परदेशातल्या नेमबाजांची चैन आपल्याकडे नाही. आमची पिस्तुलं हवेवर चालणारी, छर्रे शिशाचे, अंतर दहा मीटर. सावंत सर रेंज चालवतात. पाटील उरणच्या वाटेवरच्या गावातले. पूर्वी घरची मिठागरं होती, आता भाड्याच्या खोल्या आहेत आणि हाताशी भरपूर वेळ.

आणि इस्माईलचाचा, उरणचे. उभा जन्म सोनारांचे तराजू आणि शिलाई मशिनी दुरुस्त करण्यात गेला. म्हातारपणी सरांनी त्यांच्यापुढे एक बिघडलेलं पिस्तूल ठेवलं, तेव्हापासून दर शनिवारी पत्र्याची पेटी घेऊन ते आमच्याकडे यायला लागले.

*

मी नवी होते तेव्हा चाचांनी आधी माझं पिस्तूल पाहिलंच नाही. डब्यातून मळलेल्या कणकेचा गोळा काढला आणि म्हणाले, "मूठ आवल, पोरी."

पोरगी सेहेचाळीस वर्षांची. आवळली मूठ. त्यांनी तो गोळा उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिला.

"कचेरीत हायस ना?"

"हो. कसं ओळखलंत?"

"तीन बोटं काम करतान. करंगली रजेवर हाय."

पुढच्या शनिवारी ते पिस्तुलाची लाकडी मूठ तासून घेऊन आले. करंगळीसाठी तिच्यात एक जादा खाच होती. "आता तिला हजर व्हावा लागंल," म्हणाले. झाली बिचारी हजर. अजून आहे.

*

आता चाचांच्या बोटाबद्दल. त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

स्पर्धेत आमच्या पिस्तुलाचा ट्रिगर किमान पाचशे ग्रॅमचा लागतो. आत जायच्या आधी तपासणी असते. पिस्तूल उभं धरतात, ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन अडकवतात आणि उचलतात. वजन उचललं गेलं तर पास. त्याआधीच 'टक्' आवाज झाला तर नापास. ट्रिगर जितका हलका तितका नेम हलत नाही, म्हणून जो तो पाचशेच्या अगदी काठावर जाऊन बसतो. हे जुळवायला आत एक स्क्रू असतो, ज्वारीच्या दाण्याएवढा.

चाचा तो बोटाने जुळवायचे. डोळे मिटायचे, ट्रिगरवर तर्जनीचं पेर ठेवायचे आणि आकडा सांगायचे. मग सर वजन आणि त्यावर टाकायच्या चकत्या लावून मोजायचे. चहाची पैज असायची. एकदा पाटलांनी मुद्दाम स्क्रू वेडावाकडा फिरवून पिस्तूल पुढे केलं.

चाचांनी डोळे मिटले. "पाचशे बारा. आनि पाटील, स्क्रू नखानं फिरवू नकोस, पेचकस घे."

सरांनी मोजलं. पाचशे बारा. पाटलांनी सगळ्यांना चहा पाजला आणि विचारलं, "चाचा, बोटान् काटा बसवून घेतलाव काय?"

"काट्याला दुरुस्ती लागतं," चाचा म्हणाले. "ज्या दिशी ह्या बोट खोटा बोलंल, त्या दिशी पेटी बंद. उरनला जाऊन भितीकडं तोंड करून बसंन."

हे ते हसून म्हणाले. पण त्यांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा साजिद कंटेनर यार्डात पाळीवर असायचा, आणि शनिवार सोडला तर बाकीचे सहा दिवस ते खरंच भिंतीकडेच बघत असायचे. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

*

स्क्रू जुळवला की तो हलू नये म्हणून चाचा त्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचे. डाळिंबी रंग. पहिल्यांदा ती बाटली पाहिली तेव्हा पाटील म्हणाले, "आता मेंदी पन काढा पिस्तुलाला."

"हमीदाची हाय," चाचा म्हणाले. "ईदला लावायची. वर्साला एकदा. मच्छी साफ करून नखा कंदी वाढलीच नाय तिची. ती गेली, बाटली भरलेली रेली."

पाटलांनी त्या दिवशी पैज नसताना चहा सांगितला.

चाचा ठिपका द्यायचे तेव्हा श्वाससुद्धा रोखून धरायचे. "ह्यो ठिपका तुटला," मला म्हणाले, "तं समजायचा, मदी कोनीतरी हात घातला."

*

छर्ऱ्यांचं वजन सारखं असेल तर गोळी सारखी लागते, असं पाटलांनी कुठेतरी ऐकलं. मेव्हण्याचा सोन्याचा काटा आणून त्यांनी दोन दिवस बसून छर्रे तोलले आणि वेगवेगळे ठेवायला सोयीची म्हणून एक गोल डबी घेतली. ती घरातली मसाल्याची दुसरी डबी होती. वहिनी चिंबोऱ्यांच्या कालवणात मिरी टाकायला गेल्या. मिरी जरा जड लागली म्हणून बरं.

वहिनींनी कालवण फेकलं, डबी फेकली, आणि पाटलांना दारात उभं करून म्हणाल्या, "आता घरान् एक तं मसाला ऱ्हाईल, नायतं तुमी."

तेव्हापासून पाटील छर्रे चाचांकडे द्यायला लागले. चाचा एकेक छर्रा चिमटीत फिरवायचे आणि चेपलेला असेल तो बाजूला काढायचे. डोळे मिटूनच. शंभरात एकही चुकायचा नाही.

*

गेल्या उन्हाळ्यात टपरीवाल्याने काचेचे ग्लास बंद करून स्टीलचे आणले. उकळता चहा, पातळ स्टील. आम्ही रुमालात धरून फुंकर मारतोय, आणि चाचा ग्लास मुठीत घट्ट धरून कुठल्यातरी सोनाराची गोष्ट सांगतायत.

पाटील म्हणाले, "चाचा, ही बोटा हायत का सांडशी?"

खूप हसलो. चाचाही हसले.

पुढच्या शनिवारी त्यांच्या बोटांवर फोड दिसले, तर्जनीवर सगळ्यात मोठा. मी विचारलं, "चाचा, हे कशानं भाजलं?"

"कुटं?" म्हणाले, आणि दुसऱ्या कुणाचा हात बघावा तसा स्वतःचा हात बघत राहिले.

त्यांची साखर जुनी होती. पायांना मुंग्या येतात असं म्हणायचे, आम्ही मनावर घेतलं नव्हतं. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

*

त्याच महिन्यात माझी स्पर्धा होती. पिस्तूल आदल्याच शनिवारी चाचांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे मी तपासणीला निवांत उभी. समोरच्या बाईंनी वजन अडकवलं. टक्. पुन्हा एकदा. टक्.

"चारशे साठसुद्धा नसेल," त्या म्हणाल्या. "कुणाकडून करून घेता?"

मी म्हटलं, "माझंच मी केलं."

तिथेच उभ्या उभ्या ठिपका खरवडला आणि दुसऱ्याचा पेचकस मागून ट्रिगर जड केला. पास झाले. नेम मात्र त्या दिवशी कुठेच लागला नाही. डोळ्यांपुढे सारखा तो बोटावरचा फोड येत होता.

चाचांनी विचारलं, "काय झाला तपासनीला?"

"काय होणार? पास."

त्यांनी मान हलवली आणि बोटाकडे पाहून म्हणाले, "सच्चा हाय अजून."

*

सरांना आणि पाटलांना मी खरं काय ते सांगितलं. त्यानंतर आम्ही तिघांनी जे केलं ते बरोबर होतं का, मला माहीत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करू.

चाचा आकडा सांगायचे, "पाचशे दहा." सर वजन लावायचे, टक् आवाज यायचा तेवढ्यात मोठ्याने खोकायचे आणि म्हणायचे, "पाचशे दहा. बरोबर." ज्या माणसाने आयुष्यभर रेंजवर कुणाला खोकू दिलं नाही तो दर शनिवारी खोकायला लागला. नंतर मी ती पिस्तुलं घरी न्यायची, ठिपका खरवडायची, सरांच्या वजनांवर ट्रिगर नीट जुळवायची आणि नवा ठिपका द्यायची. पाटील चाचांनी निवडलेले छर्रे घरी नेऊन पुन्हा निवडायचे. या वेळी डब्या स्वतःच्या.

अडचण रंगाची होती. जुईनगर स्टेशनखालच्या दुकानात डाळिंबी मिळालाच नाही. त्यातल्या त्यात जवळचा म्हणून मी एक घेतला, तो वाळल्यावर गाजरी निघाला. पाटलांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "माया बाय, यो तं टमाटा झाला."

"चाचांची नजर अधू आहे," मी म्हटलं. "नाही कळणार."

गणपतीच्या आसपास चाचांनी माझं पिस्तूल सहज म्हणून हातात घेतलं. भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं, एवढा वेळ की सरांना खरोखरचा खोकला आला. मग भिंग काढून सदऱ्याला पुसलं.

"भिंगाव धूल बसलेय," म्हणाले. "चा सांगा कोनीतरी."

आमचा जीव भांड्यात पडला.

आणि दिवाळीपासून तर काळजीच मिटली. माझा ठिपका आणि त्यांचा ठिपका शेजारी ठेवले तरी फरक दिसेना. हमीदाचाचींची बाटली जुनी, रंग उडाला असणार, असं मी म्हटलं. सरांनाही ते पटलं. पाटील म्हणाले, "वरती देव हाय."

*

हिवाळ्यात चाचा थकले. तरी शनिवार चुकवला नाही. आता एक नवीन खोड काढली होती. ट्रिगरवर बोट ठेवायचे आणि आकडा सांगायच्या आधी सरांकडे बघायचे.

"सर, आज आधी तुमी बोला. मी मागनं बोलतो."

सर गडबडून म्हणायचे, "पाचशे... पाचशे आठ?"

"बराबर," चाचा म्हणायचे. "तुमचा पन बोट आता तयार झाला."

आम्ही हसायचो. हरलेल्या पैजेचा चहा मात्र तेच पाजायचे. आम्ही म्हणायचो, चाचा, पैज तुम्ही जिंकलात. ते म्हणायचे, पिऊन घ्या गुमान.

*

मार्चमध्ये चाचा गेले. गुरुवारी गेले, शुक्रवारी आम्ही उरणला जाऊन आलो, आणि शनिवारी रेंज उघडून तिघंही बाहेरच बसून राहिलो.

चाळिसावा झाल्यावर साजिद पेटी घेऊन आला. म्हणाला, अब्बांनी सांगून ठेवलं होतं, पेटी माया बाईला द्या, तिचा हात बसलाय. मला वाटलं, मूठ तासून दिली त्याबद्दल म्हणत असतील.

बाकड्यावर ठेवून पेटी उघडली. पेचकस, कानशी, भिंग. जुन्या रुमालात गुंडाळलेली डाळिंबी बाटली, अर्ध्याच्या वर भरलेली, रंग पहिल्या दिवशी होता तसाच गडद. आणि तिच्या शेजारी दुसरी एक बाटली, पार तळाला गेलेली. गाजरी.

पाटलांनी ती उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवली.

"ही अम्मीची नाय," साजिद म्हणाला. "दिवालीच्या आदी अब्बा मना घेऊन हितं आलते, स्टेशनखाली. खिशान् एक स्क्रू होता रंग लावलेला. तो दुकानदाराला दाखवला, म्हनले, योच रंग पायजे, जरा पन फरक नको. मी इचारला, अब्बा, अम्मीची बाटली हाय ना घरान्, यी कोनासाठी? तं नुसते हसले."