साडूची शीर

चंपतराव हेडाऊंच्या घरी पिढ्यानपिढ्या हातमाग. नागपुरात गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, आणि घरात निम्मी जागा मागाचीच. देश स्वतंत्र झाल्यावर दोन-तीन वर्षांत सूत मिळेनासं झालं, माग बंद पडू लागले. तेव्हा चंपतराव उमरेडच्या पलीकडच्या जंगलात, मोहटेकडीच्या सोन्याच्या खाणीत कामाला गेले.

खाण लहानशीच होती. नागपूरच्या इतवारीतले ताराचंद सेठ यांनी टेकडीवर जुन्या काळच्या लोकांनी सोन्यासाठी खणलेले खड्डे पाहिले आणि तिथं हात घातला. एक विहीर, विहिरीच्या तळातून निघालेला एक बोगदा, आणि बोगद्यात पांढऱ्या गारगोटीची वीतभर रुंद शीर. सोनं त्या गारगोटीत. ते डोळ्यांना क्वचितच दिसायचं. दळून, धुऊन मगच हाती लागायचं.

चंपतरावांनी आधी टोपल्या ओढल्या. पुढं बोगद्याच्या छताला लाकडाचे टेकू द्यायचं काम त्यांच्याकडं आलं आणि त्यात त्यांचा हात बसला. ते पुढं जाऊन छतावर ठोकून बघायचे, आवाज ऐकायचे आणि मगच माणसं आत शिरायची. चंपतराव 'नाई' म्हणाले की मुकादमसुद्धा पाऊल टाकत नसे.

खाणीत जम बसल्यावर त्यांनी आपले साडू बाबनराव धकाते यांना बोलावून घेतलं. चंपतरावांची बायको भागीरथा थोरली आणि बाबनरावांची गोपिका तिच्या पाठची. बाबनराव उमरेडला रिकामेच बसून होते. चंपतरावांनी मुकादमाकडं शब्द टाकला आणि बाबनराव आले. पण विहिरीत उतरताना त्यांच्या छातीत धडधडायचं, म्हणून त्यांना वरच दगड निवडायला ठेवलं.

तिथंच नशीब फिरलं. खाणीचे भूगर्भवाले साहेब ओमप्रकाश जबलपूरकडचे. नवी शीर शोधायला त्यांना जंगल हिंडायचं होतं आणि हिंदी बोलणारा, चार गावांत ओळख काढणारा माणूस हवा होता. बाबनरावांची जीभ गोड. साहेबांनी त्यांना जीपमध्ये घेतलं.

तेव्हापासून चंपतरावांना अन्न गोड लागेना. सकाळी ते कार्बाईडचा दिवा घेऊन विहिरीच्या शिडीवर पाय ठेवायचे आणि नेमका त्याच वेळी जीपचा भोंगा वाजायचा. बाबनराव साहेबांची जुनी टोपी घालून पुढच्या सीटवर बसलेले असायचे. "येतो साडूभाऊ," म्हणून हात हलवायचे. चंपतराव मान हलवायचे आणि खाली उतरायचे.

"काहून तोंड पाडून बसले?" एकदा भागीरथेनं विचारलं.

"कोनं आनलं त्याले इथं? म्या आनलं. आन् तो हिंडून राहिला जीपमंधी."

"बरं हाय नं मंग. आपलाच मानूस हाय."

आपलाच होता, हेच तर सलत होतं. परक्याचं भलं झालं असतं तर चंपतरावांनी दोन दिवसांत ते मनातून काढलं असतं.

दीडेक वर्षानं बाबनरावांनी ओढ्याच्या पलीकडं, पळसाच्या रानात गारगोटीचा एक पट्टा दाखवला. साहेबांनी चर खणून नमुने घेतले. सोनं निघालं. ताराचंद सेठांनी बाबनरावांना नागपूरला सदर भागातल्या ऑफिसात बोलावून फेटा बांधला आणि सीताबर्डीच्या स्टुडिओत त्यांचा फोटो काढवला. दिवाळीत गोपिकेनं तो फोटो बहिणीला दाखवला. भागीरथा कौतुकानं बघत राहिली. चंपतराव पोटाचं निमित्त सांगून जेवणावरून उठले.

मग सेठनं सांगितलं की पलीकडच्या शिरेवर नवी विहीर पाडायची आणि बोगद्याचं काम चंपतरावांनी बघायचं. म्हणजे साडूनं शोधायचं आणि आपण खणायचं. खडक फोडताना शीर पोकळ निघावी असं चंपतरावांच्या मनात यायचं. पण काम त्यांनी चोख केलं. वाईट काम त्यांना करताच येत नसे.

आणि एक दिवस शीर खरंच संपली. सुरुंगाचा धूर ओसरल्यावर पुढं नुसता काळा दगड होता. चंपतराव दिवा धरून उभे राहिले आणि त्यांना इतका हलकेपणा वाटला की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

ओमप्रकाश साहेब खाली आले. त्यांनी भिंती चाचपल्या, डावीकडच्या ओल्या चिकणमातीत हातोडी खुपसली. "शीर ख़त्म नहीं हुई, सरक गई है," ते म्हणाले. "बाएँ मुड़ो, मिल जाएगी. लेकिन ज़मीन कच्ची है. चंपतराव, छत टिकेगी?"

चंपतरावांनी छतावर ठोकलं, आवाज ऐकला. छत टिकलं असतं. टेकू जवळजवळ द्यावे लागले असते, फळ्या लावाव्या लागल्या असत्या, काम हळू झालं असतं, पण टिकलं असतं.

"नाई साहेब," ते म्हणाले. "नाई टिकत."

साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. काम थांबलं. खाणीवर लोक बाबनरावांना बघून हसू लागले. ज्यांनी फेट्याच्या दिवशी टाळ्या वाजवल्या होत्या तेच आता "बाबनचं सोनं, दिसलं तेवढंच" म्हणू लागले. जीपमध्ये दुसरा माणूस बसू लागला. आठवडाभर चंपतराव पोटभर जेवले.

मग ताराचंद सेठ स्वतः आले. नवीन विहिरीच्या तोंडाशी साहेब, चंपतराव, बाबनराव सगळे उभे होते. सेठ म्हणाले, "मँगनीजच्या खाणीतून दुसरे लोक आणतो. ते डावीकडं बोगदा काढतील. शीर मिळाली तर बाबनरावाचीही अब्रू राहील."

बाबनरावांनी टोपी हातात घेतली. "नाई सेठ," ते म्हणाले. "साडूभाऊ म्हनते छत राहत नाई, तं राहत नाई. आजपावेतो त्यायचा शब्द खोटा नाई झाला. माह्या अब्रूसाठी मानसं काहून घालता तिथं? शीर गेली तं गेली."

चंपतरावांना वाटलं, कोणीतरी आपल्याला भर उन्हात नागवं उभं केलंय. शरम तर वाटलीच, पण त्या शरमेच्याही आधी मनात दुसरंच उठलं: इथंही हा आपल्यापेक्षा वरचढच निघाला. स्वतःचं बुडत असताना इतकं सरळ बोलणं आपल्याच्यानं झालं नसतं.

"राहते," ते म्हणाले.

"काय राहते?" सेठनं विचारलं.

"छत राहते. टेकू जवळ जवळ द्या लागन. बाहेरची मानसं नका आनू. मी काढतो."

साहेबांनी त्यांच्याकडं रोखून पाहिलं. समजायचं ते त्यांना समजलं असावं, पण बोलले नाहीत. बाबनराव मात्र घाबरून म्हणाले, "साडूभाऊ, माह्यासाठी जीव नका टाकू."

"तुह्यासाठी नाई गा," चंपतराव म्हणाले, आणि ते खरंच होतं.

त्यांनी सागाचे जाड ओंडके निवडले, स्वतः पुढं राहिले, दुसऱ्याला टोकाशी जाऊ दिलं नाही. ओली माती अंगावर गळत होती. एकदा मोठं ढेकूळ खांद्यावर पडलं आणि हात कितीतरी दिवस वर उचलेना. तरी ते खाली उतरतच राहिले. पावसाळ्याच्या तोंडाशी चिखलाच्या पलीकडं पांढरं काही चमकलं. दिव्याच्या उजेडात गारगोटी पुन्हा समोर होती, पहिल्यापेक्षा रुंद.

त्यांनी बाबनरावांना खाली बोलावलं. बाबनराव शिडी घट्ट धरत, घाम पुसत उतरले. शिरेवर हात ठेवून खूप वेळ उभे राहिले.

सेठनं त्या भागाला 'बाबन शीर' असं नाव दिलं. पुढची तीन-चार वर्षं चंपतराव रोज ते नाव ऐकत खाली उतरले. रोज ते थोडं टोचलं. आपण खोटं का बोललो हे त्यांनी फक्त भागीरथेला सांगितलं. ती म्हणाली, "मले माहीत होतं. त्या आठवड्यात तुमी लय जेवत होते." बहिणीला तिनं कधी काही कळू दिलं नाही.

अठ्ठावन्न साली खालच्या थरात पाणी वाढलं, सोनं विरळ झालं आणि सेठनं खाण बंद केली. बाबनराव एका मँगनीज कंपनीत जंगल हिंडायच्या कामावर लागले. चंपतराव नागपूरला परतले आणि इतवारीत लाकडाच्या वखारीत बसू लागले.

साठ साली बाबनरावांच्या मुलीचं लग्न झालं. मांडवात नव्या कंपनीचे लोक आले होते. बाबनरावांनी चंपतरावांचा हात धरून त्यांना पुढं ओढलं. "शीर म्या दाखवली," ते सगळ्यांना सांगत होते, "पन काढली यायनं. हे नसते तं मले आज कोनी ओळखलं नसतं."

पाहुणे चंपतरावांना नमस्कार करू लागले. चंपतरावांनी हात जोडले. असं बोलणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं, आणि साडूला ते किती सहज जमत होतं. जेवणाच्या पंगतीत बसल्यावरही त्यांना त्या गोष्टीचा हेवा वाटत होता.