गळ्यातली टेप

इसाकचाचांच्या गळ्यात दिवसभर शिंप्याची टेप असायची आणि त्यांना एक शिवण सरळ मारता येत नव्हती. ओमानमधल्या रुवीतल्या कापडाच्या दुकानात उभे राहिले की टेप गळ्यात, दुपारी समोरच्या हॉटेलात जेवतानाही गळ्यात. एकदा तिचं टोक आमटीत बुडालं, तेव्हा मला हसू आवरेना. चाचा मात्र हसले नाहीत. "हस गो रीटाबाय. ही गळ्यातून गेली का मीपन इथून गेलो."

त्यांच्या कामाच्या परवान्याच्या कार्डावर धंदा लिहिला होता शिंपी, आणि तो मीच लिहिला होता. मी वसईची. रुवीत अर्ज टाइप करून देणाऱ्या दुकानात माझं अर्धं आयुष्य गेलं. चौदा वर्षांपूर्वी चाचा नव्या अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे, लागत होते. अर्बाबकडे सेल्समनचा व्हिसा नव्हता, शिंप्याचा होता. तेव्हा सगळे असंच करायचे. जो व्हिसा रिकामा, तो आपला धंदा. चाचा म्हणाले, "कापडाच्या शेजारचाच हाय ना? टाक." मी टाकलं आणि विसरून गेले.

कापड मात्र त्यांच्यासारखं कुणाला कळत नव्हतं. डोळे मिटून दोन बोटांत धरायचे आणि निकाल द्यायचे. "यो पहिल्याच धुन्यात नांगी टाकील. घेऊ नको." स्वतःच्या दुकानातला माल! अर्बाब कपाळाला हात लावायचा, पण गिऱ्हाईक दापोलीच्या या माणसाला सोडून दुसरीकडे जायचं नाही.

पुढे दुकानातली विक्रीची कामं ओमानी मुलामुलींसाठी राखीव होत गेली. त्यात गैर काही नाही, आपल्या गावातही लोक हेच मागतात. पण तपासणीची पथकं फिरू लागली आणि आमची गल्ली धास्तावली. शेजारच्या भांड्यांच्या दुकानातला सेल्समन कार्डावर सुतार होता. त्याला नेलं, ते थेट विमानातच बसवलं. त्याचा अर्धा प्यायलेला चहा संध्याकाळपर्यंत काउंटरवर तसाच होता.

आठवड्याभरात पथक चाचांकडे आलं. मी कसलासा कागद द्यायला तिथेच गेले होते. तपासनीस तरुण ओमानी होता, बोलायला नम्र. त्याने कार्ड पाहिलं, टेप पाहिली, मग आपल्या बाहीचं लोंबणारं बटण पुढे केलं. "शिंपी ना? लावा." पण एकट्याने परदेशात राहणाऱ्या माणसाला बटण तेवढं येतंच. चाचांनी लावलं, दोरा दातांनी तोडला. तपासनीस म्हणाला, "शुक्रन. पुढच्या वेळी मशीन चालवून दाखवा." तो गेल्यावर चाचा स्टुलावर बसले, ते बराच वेळ उठलेच नाहीत.

अर्बाबही घाबरला होता. त्याने दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "रुस्ताकला माझं शिवणकामाचं दुकान आहे. तिथे शिंपी हवाय. एका महिन्यात शिका, नाहीतर खलास, गावी जा." गावी चाचांच्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं. पंचावन्न वर्षांच्या माणसाला सुई धरायला शिकवणार कोण? मीच म्हटलं, माझ्या घरी या, मला शिवता येतं, मशीनही आहे. पाप मी टाइप केलं होतं, निस्तरायलाही मीच हवी होते.

ते संध्याकाळी दुकान आटोपून यायचे. मशीन उधळायचं, शिवण गटारासारखी वाकडी जायची, एकदा सुई बोटातून आरपार गेली. मी चिडले की ओरडायची, आणि माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस मान खाली घालून ऐकायचा. एकदा मी म्हटलं, "चाचा, नाही जमायचं तुम्हाला." ते बोट चोखत म्हणाले, "चौदा वर्सं खोटा बोललो गो. एक महिना खरा बोलायला लागनारच ना?" मला रडू आलं. मी उसवून दिलं, त्यांनी पुन्हा शिवलं.

महिना संपताना त्यांनी ओमानी झगा, दिशदाशा, शिवून आणला. एक खांदा जरा चढा होता, पण गळ्याशी लोंबणारा गोंडा अगदी मधोमध बसला होता. अर्बाबने झगा अंगात घातला, आरशात पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "यल्ला, रुस्ताक." चाचा दोन पिशव्या घेऊन टॅक्सीत बसले. टेप गळ्यातच होती.

पुढच्या वर्षी कार्डाच्या नूतनीकरणाला ते माझ्याकडे आले. रुस्ताकला टायपिंगची दुकानं नाहीत का? पण आले. गळा मोकळा होता. मी घाबरून विचारलं, "टेप कुठाय?"

"मशीनवं. तिथंच लागते ना." मग सांगू लागले. तिकडेही पथक आलं होतं, कार्ड मागितलं. "माजा पाय मशीनवं. तोंडातून निघून गेला, साहेब, जरा थांबा, एवढी शिवन संपू दे." आणि साहेब थांबला होता.

मी अर्ज उघडला. धंद्याचा रकाना आला, तशी माझी बोटं आपोआप चालू लागली. चाचांनी हात वर केला. "थांब. पयलं इचार मला."

मी विचारलं, "धंदा?"

ते खुर्चीत ताठ बसले. "शिंपी," म्हणाले, "लिव."