बहिणीच्या चिकटवहीतले टाके

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नाही. बायकोलाही नाही. सांगायची वेळ आली की विषय बदलत आलो, आणि आता बदलायला विषयही फारसे उरलेले नाहीत.

आम्ही धुळ्याला राहायचो. वडील एका मारवाडी शेठच्या कापड दुकानात कामाला होते. कापडाच्या ठाणांवर मिलची रंगीत चित्रं चिकटवलेली असत. कमळ, हत्ती, झुल्यावरची बाई. ठाण संपलं की वडील ती चित्रं ओल्या फडक्याने सोडवून माझ्या धाकट्या बहिणीसाठी आणत, आणि ती चित्रं ती आपल्या चिकटवहीत लावी. मी जळगावला कॉलेजात होतो, सुट्टीत घरी येत असे.

उन्हाळ्यात दुपारी सगळं घर झोपलेलं. अशाच एका दुपारी गंमत म्हणून तिच्या हत्तीभोवती मी लाल दोऱ्याची साखळी घातली. आईला भरतकाम करताना पाहून हात आपोआप शिकला होता. मग ते सुटेना. कागदात थेट सुई घातली तर तो फाटतो, म्हणून पान गोधडीवर ठेवून आधी नुसत्या सुईने भोकं पाडायची आणि मग दोरा ओवायचा. दोरा ओवण्याआधी पान उन्हाकडे धरलं की चित्र विरून जाई, आणि त्याच्या कडेने उजेडाचे ठिपके उभे राहत. बहीण शेजारी आडवी पडून ते बघे. झोपेत बोलल्यासारखी म्हणे, झुल्याला गाठीचे टाके घाल, घुंगरं वाटतील. मी घालत असे. वरचे पत्रे तापून मधूनच कडकडत. त्या दुपारी संपत कधी, ते मला अजूनही आठवत नाही.

पोरगा भरतकाम करतो म्हटल्यावर मित्रांनी जन्मभर चिडवलं असतं. कुणाला सांगू नकोस, असं मी तिला म्हटलं. ती हसली, आणि तिने सांगितलं नाही. घरात सगळ्यांना ते टाके तिचेच वाटत.

चाळीसगावची माणसं तिला बघायला आली, तेव्हा वडिलांनी हौसेने वही पुढे केली. मुलाची आई पानं उलटत झुल्यापाशी थांबली.

"हाई बठ्ठं तूच करेल शे का वं, पोरी?"

बहीण बोलण्याआधीच वडील हो, सगळं तिनेच केलंय, म्हणाले. बाई खूश झाल्या. त्यांना संशय नव्हता, तो गाठीचा टाका शिकायचा होता. त्यांनी सुईदोरा मागवला, कोरं पान उघडलं आणि एक घालून दाखव म्हणाल्या.

बहिणीने मला टाके घालताना पाहिलं होतं, तेही अर्धवट झोपेत. तिने सुई थेट कागदात खुपसली. पान फाटलं. दुसऱ्यांदाही फाटलं. मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी टेरिकॉटची नवी पॅन्ट घालून मुलाशी क्रिकेटच्या गप्पा मारत बसलो होतो. मी कपातल्या चहाकडे पाहू लागलो.

बाईंनी वही मिटली. शिवता येत नाही याचं काही नाही, आमच्या घरी शिकली असती, असं त्या शांतपणे म्हणाल्या. "पन खोटं कसाले बोलनं?"

होकार आला नाही. गोष्ट नात्यागोत्यात पसरली, आणि बहीण खोटारडी ठरली. वडील कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिने त्यांनाही माझं नाव सांगितलं नाही. शेवटी सावद्याच्या एका बिजवराला तिला दिली.

तिचा संसार वाईट झाला असं नाही. केळीच्या बागेजवळ घर, मुलं, नंतर सुना. एकदा माझ्या सदऱ्याचं बटण लोंबत होतं. तिने सुईदोरा आणून माझ्यापुढे ठेवला.

"भाऊ, तूच लाव. मला कुठे येतं?"

सून हसली. मीही हसलो.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. सावद्याच्या बसमध्ये मी मनात वाक्य जुळवत गेलो. खाटेजवळ मुलं होती, सून होती. बहिणीने विचारलं, काही सांगायचंय का भाऊ? ऊन फार आहे, पाणी पीत जा, असं म्हणून मी उठलो. थोड्याच दिवसांत ती गेली.

वाक्य तसं मोठं नव्हतं. ते टाके माझे होते, सगळ्यांसमोर मी तेव्हाच बोलायला हवं होतं, मला माफ कर.